नव्या नायिकेची बाजू घेऊन भडगावला

कराडहून निघालेली गाडी पहाटे पाचोऱ्याला पोहोचली. थंडीने दात वाजत होते, पण मनाशी एक गोष्ट पक्की होती. काही झालं तरी मत बदलायचं नाही.

मत एका मालिकेबद्दलचं होतं. हसू नका. ही मालिका आम्ही काही बायका गेली काही वर्षं रोज बघतो, आणि तिच्यावर गप्पा मारायला आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. भडगावच्या अक्का त्याच्या अॅडमिन. मी कराडला शिवणवर्ग चालवते. अक्कांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण भाग संपला की त्यांचा फोन येणारच. मध्यंतरी मालिकेतली मुख्य नटी बदलली. त्याच भूमिकेत नवी मुलगी आली आणि ग्रुपवर जणू सुतक पडलं. मला मात्र नवी आवडली. तसं मी लिहिलं, आणि त्या संध्याकाळी अक्कांचा फोन आला नाही.

आठवड्याने आला. धुळ्याला सगळ्या जमणार होत्या. जुनी नटी परत आणा, असा व्हिडिओ करून वाहिनीला पाठवायचा होता. "तू आधी मना घर ये," अक्का म्हणाल्या. "समोर बसीसन बोलूत."

कॉलेजात मैत्रिणी हसल्या म्हणून मी माझी आवडती गाणी ऐकायची सोडली होती. लग्नानंतर घरात नाकं मुरडली गेली म्हणून मारधाडीचे सिनेमे सोडले. या वेळी काही सोडायचं नाही, असं ठरवून मी तिकीट काढलं.

पाचोऱ्याच्या स्टँडवर घाईत चुकीच्या एसटीत बसले. "ताई, ही जामनेरची. भडगाव उलट्या अंगाला राहिलं," म्हणत कंडक्टरने मला पिशवीसकट उतरवलं. मग योग्य गाडी मिळाली. दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीची कपाशी उभी होती. मधूनच केळीच्या बागांचा हिरवा पट्टा यायचा, आणि कापसाने फुगलेल्या ट्रॉल्यांमागे आमची एसटी रांगत राहायची. गिरणा नदी दिसली आणि शेजारची बाई म्हणाली, "ऊनं भडगाव." (आलं भडगाव.)

अक्का दारातच उभ्या होत्या. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड बाई कल्पिली होती. निघाल्या माझ्या खांद्याएवढ्या. "ऊनी का व माय?" (आलीस का गं?) म्हणून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. जेवायला भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) होती. पहिला घास खाल्ला आणि मी बोलायचं विसरले. अक्का विसरल्या नव्हत्या.

"जुनीना डोळामा पानी ये ना, तं मना जीव तुटे. ही नवी पाहुनी वाटस, पाहुनी!"

"अक्का, ती रडत नाही म्हणूनच मला पटते," मी म्हणाले. "सासू घालूनपाडून बोलते, तेव्हा ती हातातला चहा संपवते, कप विसळून ठेवते आणि मग उत्तर देते. अशा बायका मी पाहिल्यात."

"चहा तं मी बी पेस," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं.

दुसऱ्या दिवशी पारोळ्यावरून आम्ही धुळ्याला गेलो. वाटेत अक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. पांझरेचा पूल ओलांडून रिक्षा देवपुरात शिरली. ग्रुपमधल्या वर्षाताईंच्या घरी बायका आधीच जमल्या होत्या. शेवभाजीचा पहिलाच भुरका मारला आणि मला अशी उचकी लागली की, बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या शमीमआपांनी पाठीवर थोपटून गूळ भरवला. "नवीवाली को सपोर्ट किया ना, उसकी सजा है ये," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या. मीही हसले, उचकी देतच.

जेवणं झाल्यावर वर्षाताईंनी व्हिडिओसाठी सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं. मी जागची हलले नाही.

"सगळ्यांचं एकमत दिसलं पाहिजे," वर्षाताई म्हणाल्या. "नाहीतर ग्रुपमध्ये राहून काय उपयोग?"

"मग मला काढा. जे मला वाटत नाही, ते मी कॅमेऱ्यासमोर बोलणार नाही."

"बोलो मत, खड़े तो रहो," शमीमआपांनी समजूत घातली.

"उभं राहिलं तरी बोलल्यासारखंच होतं, आपा."

अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. एवढ्या लांब येऊन मी काय मिळवलं, असं वाटलं. पण पाय पुढे पडले नाहीत.

"मंग फोन कोन धरी?" अक्कांनी विचारलं. बाकी सगळ्यांना व्हिडिओत दिसायचं होतं. शेवटी अक्कांचा फोन मीच धरला.

एकेक बाई बोलत गेली. शेवटी अक्का पुढे आल्या. "आम्हले आमनी जुनी पोर पाहिजे," त्या ठणकावून म्हणाल्या. मग थांबल्या आणि त्यांनी थेट माझ्याकडे बोट केलं. "आखो एक ऐका. जी फोन धरी ऱ्हायनी ना, तिले नवीच आवडस. कराडथून आठे भांडाले ऊनी ती. तिनं बी ध्यानमा ठेवा." (हिला नवीच आवडते. कराडहून इथे भांडायला आली ती. तिचंही लक्षात ठेवा.)

"अक्का, अहो हे काय!" वर्षाताई ओरडल्या. "पुन्हा घेऊ या."

"मी परत बोलाव नही," (परत बोलणार नाही) म्हणत अक्का खाली बसल्या आणि त्यांनी पान लावायला घेतलं.

परतीची बस धुळ्याहून निघाली तेव्हा वर्षाताईंनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. अक्कांची शेवटची वाक्यं त्यात नव्हती. काही मिनिटांतच अक्कांनी त्याखाली न कापलेला व्हिडिओ टाकला आणि लिहिलं, 'बठ्ठा पाठाडा' (सगळा पाठवा). त्यावर वर्षाताईंनी रागावलेला चेहरा टाकला. मला कुणी ग्रुपमधून काढलं नाही.

वाहिनी काय करेल ते करो. आपली आवड जपायची म्हणजे माणसं तोडावी लागतील, अशी भीती मी इतकी वर्षं बाळगली होती. माणसं तुटतातही कधीकधी. पण समोरचा काय म्हणेल हे आपणच आधी ठरवून गप्प बसलो, तर त्याला एवढं मोठं मन दाखवायला जागाच उरत नाही.

व्हिडिओ मी पुन्हा लावला. शेजारच्या सीटवरची मुलगी डोकावून बघत होती. "कोण आहेत या आजी?" तिने विचारलं.

"माझी मैत्रीण," मी म्हणाले. "आमचं अजिबात पटत नाही."