डाव्या चाकाची लॉकपत्ती

हे मी अजून कुणालाही पूर्ण सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, दारू चढली तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर जीभ उचलत नाही.

माझं गॅरेज हातखंब्याला, हायवेला लागून. बोर्डावर नाव माझं आहे; पण गॅरेज उभं केलं माझ्या सासऱ्यांनी. मी त्यांना मामा म्हणायचो. मिसरूड फुटलं तेव्हा त्यांच्याकडे लागलो. त्यांनी आधी काम शिकवलं, मग मुलगी दिली. गाववाले म्हणायचे, गजा, नशीब काढलंस. काढलंच की.

मामांचा हात डिफरन्शियलवर. गाडीच्या मागच्या एक्सेलच्या मधोमध तो लोखंडी गोळा असतो ना, तो. आतले दात एकमेकांत नीट बसले नाहीत तर गाडी कण्हत चालते. लांजा-संगमेश्वरपासून ड्रायव्हर मामांना शोधत यायचे. मामा तेलात शेंदूर कालवून दातांना लावायचे, एक फेरा द्यायचे, आणि डाग कुठे उमटलाय ते बघून कुठं किती सरकवायचं ते ठरवायचे. आणि आठवण! कुठल्या गाडीत कुठलं बेअरिंग घातलं, ते दोन वर्षांनीसुद्धा तोंडपाठ. आठवणीचा त्यांना गर्व होता. दुसरा कसलाच नव्हता.

बघा — मी त्यांचं कौतुकच करत बसलो. मुद्द्यावर यायचं टाळतोय.

संतोष नावाचा एक ड्रायव्हर होता. जांभ्याचे चिरे वाहायचा स्वतःच्या टेम्पोतून. त्याच्या डिफरन्शियलचे दात तुटले, आणि त्यांचा चुरा तेलातून चाकांच्या बेअरिंगपर्यंत गेला. म्हणून आम्ही सगळंच उघडलं. डिफरन्शियल मामांनी बांधलं. उजवं चाक मी बसवलं, डावं मामांनी. चाकाचा हब, म्हणजे मधला जाड भाग, दोन नटांवर अडकून राहतो. त्या दोन नटांच्या मध्ये एक पातळ पत्ती असते, लॉकपत्ती. तिचा काठ छिन्नीने नटावर वळवायचा, म्हणजे नट सुटत नाही. मग एक्सेलचा दांडा आत सारायचा आणि बोल्ट आवळायचे. एक्सेल बसला की पत्ती झाकली जाते. ती वळवलीय की नाही, हे बाहेरून कुणालाच कळत नाही.

मामांनी डावीकडचे दोन्ही नट आवळले, आणि तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली — गाडी बंद पडली होती. मामा हात पुसत निघाले. जाताजाता म्हणाले, "गजा, तेवढी पत्ती वळव नि एक्सेल चढव."

मी एक्सेल चढवला.

पत्ती विसरलो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तेही खरं नाही. बोल्ट आवळताना मला आठवलं होतं. हातात पाना होता, आणि आठवलं. सगळे बोल्ट पुन्हा काढा, एक्सेल ओढा, तेल सांडणार, वर संतोष हॉर्न वाजवून घाई करत होता. म्हटलं, दुसरा नट घट्ट आहे, राहील. कंटाळा आला हो. दुसरं काही नव्हतं. भांडण नव्हतं, राग नव्हता. भूक लागली होती, जेवायला जायचं होतं. एवढ्यासाठी?

होय. एवढ्यासाठी.

त्याच आठवड्यात निवळीच्या उतारावर चाक एक्सेलसकट बाहेर आलं. चिऱ्यांनी भरलेला टेम्पो कलंडून गटारात गेला. संतोष वाचला, पण त्याच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. त्यानंतर तो टेम्पो काय, रिक्षाही चालवू शकला नाही.

टेम्पो ओढून आमच्याच दारात आणून टाकला. संतोषचा भाऊ आणि त्याच्या वाडीतले चार-पाच जण मागोमाग आले. मामा खाली बसले, निघालेला हब हातात घेऊन पाहिला. लॉकपत्ती आतच अडकली होती. सपाट. एक ओरखडासुद्धा नव्हता तिच्यावर.

मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हळूच विचारलं, "मी तुला पत्ती वळवायला सांगितलं हुतं ना रे?"

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. नुसती खात्री करून घेत होते. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी मला पाठीशी घातलं असतं, एवढं मला आजही नक्की माहीत आहे. पण संतोषचा भाऊ समोर उभा होता, डोळे लाल. मी म्हणालो, "नाय मामा. तुम्ही म्हणालात, पत्ती वळवलीय, तू एक्सेल चढव."

ऐकलंत? नुसतं नाही म्हणून मी थांबलो नाही. न बोललेलं वाक्य त्यांच्या तोंडात घातलं. आणि मामा — त्यांनी क्षणभर डोळे मिटले, ते वाक्य आठवायचा प्रयत्न केला, आणि त्यांना ते आठवलं! निदान आठवलं असं वाटलं. "हां," म्हणाले, "म्हनलो असन." मग संतोषच्या भावासमोर हात जोडले. "चूक माझी हाय. पोराला काय बोलू नका."

पोर म्हणजे मी. चाळिशीला आलेला.

त्या दिवसापासून मामांनी पान्याला हात लावला नाही. माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायचे. मी काही विचारलं तर म्हणायचे, "मला नको विचारू. माझा भरवसा नाय." माझी बायको शुभा — ती बापाच्या काळजीने प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागली. बाबा, गॅस बंद केलात ना? बाबा, गोळी घेतली ना? आधी मामा हो म्हणायचे. मग, केला असेल म्हणायला लागले. मग नुसतं तिच्या तोंडाकडे बघायचे. रत्नागिरीला डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले वय झालं. येताना मांडवीच्या धक्क्यावर जरा बसलो, तर मामांनी तीनदा विचारलं, आपली गाडी कुठे लावलीय. गाडी समोरच होती.

वयानेच झालं असेल. बऱ्याच जणांचं होतं. पण एखाद्या माणसाला त्याची आठवण खोटी आहे असं एकदा पटवून दिलं, की ती किती दिवस तग धरते? मला कुणी सांगितलेलं नाही. मीही कुणाला विचारलेलं नाही.

दर रविवारी मामा संतोषच्या घरी जायचे. मीच सोडायचो मोटरसायकलवर. घरातलं काहीबाही घेऊन जायचे, कधी आंबे, कधी नुसतेच हात हलवत. संतोषची आई त्यांना अंगणात उभं ठेवायची, पाणीसुद्धा विचारायची नाही. मामा दहा-पंधरा मिनिटं उन्हात उभे राहून परत यायचे. मी अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर गाडीवर बसून बघायचो. दर रविवारी.

एकदा मला ते सोसलं नाही. दुपारी पडवीत मामा एकटेच बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "मामा, त्या टेम्पोची पत्ती माझ्याकडे होती. मी वळवली नाही." मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हसले. "किती वरसं झाली, तरी माझी चूक तू आंगावर घेतोस," म्हणाले. "असा जावई नशिबानं भेटतो रे."

नाही मामा, खरंच सांगतोय — हे मी म्हणायला हवं होतं. तुम्ही ते वाक्य बोललाच नव्हता, ते मी रचलं, हेही सांगायला हवं होतं. पण मान वळवली तर शुभा दारात उभी. तिने सगळं ऐकलं होतं, आणि ती पदर तोंडाला लावून रडत होती. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे होतं, ते मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिने माझ्या आवडीची सुरमई केली. मी जेवलो.

गेल्या वर्षी मामा गेले. शेवटी शेवटी शुभालाही ओळखत नव्हते, पण संतोष कसा आहे हे विचारायचे. पुण्यानुमोदनाच्या कार्याला भंते आले, बुद्धवंदना झाली, आणि माणसं पांगत असताना संतोष काठी टेकत आला. मामांच्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "म्हाताऱ्याला मी एकदापन घरात घेतला नाय. आता लय लागतं मनाला. तुम्ही तरी सांभाळलात त्याला."

मी खुर्ची पुढे केली. तो पाय लांब करून बसला. शुभाने चहा आणला आणि पडवीतली ती दुपार त्याला सांगितली — बाबांचं मन हलकं व्हावं म्हणून हे कसे खोटं बोलले, दोष कसा आपल्या अंगावर घेतला. संतोषने डोळे पुसले. माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "गजाभाऊ, अशी माणसं ऱ्हायली नाय आता."

मी हात सोडवून घेतला नाही. चहा संपवला. शुभा ही गोष्ट अजूनही सांगते, आल्यागेल्याला, माझ्यासमोर. मी तिला कधी थांबवलेलं नाही.