काकूने पकडलेली हवा

अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो की ब्रेक ऑइलचा वास आला की मला काकू आठवते.

लष्करी लिलावातली काकांची जीप विड्याची पानं घेऊन विरार स्टेशनला निघायची होती, आणि ब्रेकचं पेडल लोण्यासारखं आत जात होतं. आगगाडी चुकली तर पानं कोमेजणार. काका पेडल दाबत, मिस्त्री आतली हवा काढायला चाकाजवळचा स्क्रू सोडत. तेलातले बुडबुडे संपेनात.

ओट्यावरून काकू म्हणाली, "अहो, स्क्रू बंद व्हायच्या आधीच तुम्ही पाय उचलता. विहिरीच्या पंपात शिरते तशी हवा परत आत शिरते."

मग तीच पेडलवर पाय ठेवून बसली. मिस्त्रीने "बंद" म्हटल्याशिवाय तिने पाय हलवला नाही. थोड्याच वेळात पेडल दगडासारखं घट्ट झालं. तेव्हा मला ती जादू वाटली. आता कळतं, आमच्यात नीट पाहणारी ती एकटीच होती.

मिस्त्री जीपखालून सरपटत आला आणि बोलून गेला, "शेट, तुम्ही नुसती गाडी धुवा. ब्रेकचं वहिनी बघतील."