वितीनं मोजणारा मिस्त्री

काचीगुड्याच्या त्या मिस्त्रीला मी कधी टेप वापरताना पाहिलं नाही; गाडीची उंची तो वितीनंच मोजायचा. राज्याची वाटणी होऊन नंबरप्लेटी बदलत होत्या, त्या वर्षी त्यानं माझ्या पिकअपला मोठे टायर आणि उंची बदलता येणारे शॉक बसवले. पुढून झुकलेली गाडी एका पातळीत आली. मी खुशीत किल्ली मागितली.

“ठैरा साब,” म्हणत त्यानं स्टिअरिंग पूर्ण वळवलं. टायर मडगार्डला किंचित घासला. मला तर ऐकूही आलं नाही. “माझ्या हातची गाडी अशी नक्को जायला.” चाक उतरवून त्यानं मडगार्डची कड आत ठोकली.

निघालो, तर बरकतपुऱ्याच्या वळणापर्यंत तो आरशात दिसत होता. भर रस्त्यात उकिडवा बसून, एक डोळा मिटून, हवेत वीत धरून गाडी मोजत होता.