सिंधुबाईंची सापगाडी

सिंधुबाई ओव्हाळ उंचीला भीत नाहीत, हे सगळ्यात आधी ट्रकवाल्यांना कळलं. उसाच्या फडात ट्रक भरताना त्याला तिरकी फळी लावतात आणि डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढावं लागतं. फळी वीतभर रुंद, पावलागणिक लवणारी. नव्या बाया तिच्यावर बसून रडत. सिंधुबाई मात्र पहिल्या हंगामापासून अशा चढत, जणू घराच्या माळवदावर वाळवण घालायला निघाल्यात. नवरा शहादेव ऊस तोडायचा, मोळ्या बांधायचा, पण फळीवर त्याचे पाय लटपटत. त्यामुळे टोळीत त्यांच्या जोडीचं चढायचं काम कायम सिंधुबाईंकडेच असे.

आष्टी तालुक्यातलं त्यांचं गाव कोरडवाहू. दिवाळी झाली की निम्मं गाव तोडीला जाई. लग्नानंतर सतरा हंगाम त्यांनी असे काढले. मग एका वर्षी शहादेवची कंबर धरली ती सुटेना आणि दोघांनी ठरवलं, आता फडात जायचं नाही.

माजलगावच्या धरणाच्या बाजूला त्याच सुमारास भगवानराव गुरुजींनी एक सहकारी संस्था काढली होती. गुरुजी निवृत्त शिक्षक. तोडीला जाणाऱ्या घरांनी एकत्र यावं, गावाजवळच काम उभं करावं, एवढाच त्यांचा ध्यास. संस्थेनं धरणाकाठची पडीक जमीन भाड्यानं घेतली, झाडं लावली, चार बोटी आणल्या, झोपाळे टांगले आणि चुलीवरच्या भाकरी-पिठल्याचं स्वयंपाकघर चालू केलं. रविवारी बीडहून, परळीहून, गेवराईहून माणसं येत, बोटीत फिरत, जेवून जात. सिंधुबाई आणि शहादेव आष्टी सोडून तिथंच राहायला आले; सिंधुबाई भाकरी थापत आणि शहादेव राखणीला बसे. बरं चाललं होतं.

मग पावसानं दगा दिला. एका वर्षी नाही, लागोपाठ. दोन हजार पंधराच्या ऐन पावसाळ्यात धरणाच्या तळाशी गाळ उघडा पडला. बोटी भेगाळलेल्या चिखलात एका कुशीवर कलंडल्या. पाणीच नाही म्हटल्यावर रविवारची माणसं कशाला येतील? संस्थेतली निम्मी घरं पुन्हा कोयत्यांना धार लावायला लागली.

अशात गुरुजींनी सभा बोलावली आणि म्हणाले, "मुंबईच्या वाटेवर, घाटाखाली एक लई मोठं थीम पार्क हाय. ते लोक नवा, डोंगराएवढा रोलर कोस्टर आणायलेत. जुना लहान विकायचाय. चांगला हाय म्हणतेत. आपण घ्यावा, असं माझं मत हाय."

सभेत हशा पिकला. अर्जुनराव नावाचे एक जुने सभासद उठले. "गुरुजी, प्यायला पाणी टँकरनं येतंय अन् तुमी पाळणे आणताय?"

"अर्जुनराव, बोटीला पाणी लागतं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "झाडाला लागतं, भाकरीच्या पिठाला लागतं. ह्या एका वस्तूला लागत न्हाई."

शेवटी ठरलं की अकरा जणांनी जाऊन आधी बघून यावं. त्यात तीन बाया हव्यात, असा गुरुजींचा आग्रह होता. तिसरी बाई मिळेना म्हणून सिंधुबाईंचं नाव घातलं गेलं.

एवढं मोठं ठिकाण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दारातच कारंजी उडत होती, आणि आपल्याकडे घागरीसाठी रांगा लागतात हे त्यांना आठवलं. जुना रोलर कोस्टर एका कोपऱ्यात होता. तांबड्या रंगाचे रूळ, वर जाऊन वळणारे, खाली येऊन पुन्हा उसळणारे. सिंधुबाईंनी पदर खोचला आणि बसल्या. मांडीवर लोखंडी दांडा आला. साखळी खडखडत गाडीला वर ओढू लागली, तेव्हा त्या निवांत आजूबाजूचे डोंगर बघत होत्या. मग गाडी टोकावर क्षणभर थबकली आणि सुटली. पोट मागे राहिलं, आपण पुढे गेलो, असं त्यांना वाटलं. शेजारचे अर्जुनराव "मेलो, मेलो" ओरडत होते. सिंधुबाईंनी दांडा घट्ट धरला. गाडी थांबल्यावर मात्र त्यांना हसू आलं, आणि ते आवरेना.

बाकीचे पुढचे खेळ बघायला गेले. सिंधुबाई तिथंच, गाडीतून उतरण्याच्या जिन्यापाशी उभ्या राहिल्या. दुपारी गुरुजी शोधत आले तेव्हाही त्या तिथंच होत्या.

"सिंधुबाई, इथं काहून थांबल्या? बाकीचं न्हाई बघायचं?"

"हेच बघायलेय, गुरुजी."

परत आल्यावर सभा भरली. बोलणाऱ्यांनी रुळांची लांबी सांगितली, डब्यांची संख्या सांगितली. मग गुरुजींनी सिंधुबाईंना उठवलं. सभेत त्या आजवर बोलल्या नव्हत्या. त्यांनी आधी "जयभीम" म्हटलं, पदर सावरला आणि म्हणाल्या,

"मी एकदा बसले अन् मग दिसभर उतरणारी माणसं बघितली. चढताना समदी येगळी येगळी असतेत. साहेब, कामगार, कालिजातल्या पोरी. कुणी कुणाकडं बघत न्हाई. उतरले की समदे एकमेकांशी बोलतेत. वळख न्हाई, देख न्हाई, तरी बोलतेत. केस इस्कटलेले अन् हसतेत. आपल्या भागात दोन वर्सं झाली, कुणी असं हसल्यालं मी बघितलं न्हाई. लोक त्याच्यासाठी येतील. मला तर वाटतं, चालत येतील."

त्या खाली बसल्या. हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात अर्जुनरावांचा होता. "मेलो म्हणलो, पर मेलो न्हाई," ते म्हणाले. सभा हसली आणि ठराव झाला.

रूळ सुटे होऊन ट्रेलरवरून आले. खांब उभे करायला बाहेरचे कारागीर आले आणि त्यांच्यावर मोडक नावाचे एक इंजिनिअर. मोठी जोडणी झाल्यावर कारागीर परत जाणार होते. पुढं रोज सकाळी रुळांवरून चालत जाऊन प्रत्येक बोल्ट तपासायचा, हे काम संस्थेच्या माणसांनी शिकायचं होतं. दोन धडधाकट गडी निवडले होते. पहिला पहिल्याच चढावर रूळ कवटाळून बसला. दुसरा वर गेला खरा, पण उतरल्यावर दोन दिवस जेवला नाही.

त्या दिवशी मोडक साहेब सगळ्यात उंच टोकावर काम करत होते आणि त्यांचा चहा खाली गार होत होता. सिंधुबाईंनी किटली उचलली आणि रुळांशेजारच्या अरुंद जाळीवरून सरळ चालत वर गेल्या. मोडक साहेबांनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बाई! पट्टा न बांधता कोण येतं इथं?"

"चहा गार व्हायला लागलाय साहेब."

मोडक साहेबांनी आधी आपल्याजवळचा जादा पट्टा त्यांच्या कमरेला बांधला, कडी रुळाला अडकवली, मनसोक्त रागावले, आणि मग चहा प्यायले. कप परत देताना त्यांनी विचारलं, "हे काम शिकाल का?"

शिकायला अडीच महिने गेले. पाना किती ताकदीनं ओढायचा, बोल्टवरची पांढरी रेघ सरकली तर काय समजायचं, साखळीला वंगण किती. मोडक साहेब हातोडीनं बोल्टवर हलकेच ठोकून आवाज ऐकायला सांगत. चांगला बोल्ट टणकन बोलतो. सैल असला तर बद्द वाजतो. मडकं वाजवून घेणाऱ्या बाईला हे नवं नव्हतं. जाताना साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "सकाळी ह्या बाईंनी हो म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मी सांगितलं तरी नाही."

लोकांनी तोवर या गाडीला सापगाडी म्हणायला सुरुवात केली होती. सव्वीस जानेवारीला उद्घाटन ठरलं. जिल्ह्यातले एक मोठे पुढारी येणार होते. मंडप पडला, सनई लागली, सकाळी आठपासून माणसं जमू लागली. सिंधुबाई पहाटेच वर चढल्या होत्या. सातव्या खांबावर त्यांनी हातोडी टेकवली आणि थांबल्या. पुन्हा ठोकलं. बद्द आवाज नव्हता, पण टणत्कारही नव्हता. ताणून धरलेल्या तारेसारखा बारीक, चिरका. पांढरी रेघ जागच्या जागी. पाना लावून बघितला, बोल्ट घट्ट, उलट जास्तच घट्ट.

त्या खाली उतरल्या आणि गुरुजींना बाजूला घेतलं. "गुरुजी, सातव्या खांबाचा बोल्ट बराबर बोलत न्हाई. आज गाडी सोडू नका."

गुरुजींनी मंडपाकडे बघितलं. "सिंधुबाई, खात्री हाय का?"

"खात्री न्हाई. म्हणून तर थांबा म्हणते."

गुरुजी मंचावर गेले, पुढाऱ्यांच्या कानात काहीतरी म्हणाले आणि ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की आज सापगाडी चालणार नाही, आलेल्या सगळ्यांनी जेवून जावं. पुढारी न जेवताच गाडीत बसले. गर्दीतून आवाज आला, "बाईच्या हातात पाना दिल्यावर काय होणार?" शहादेव त्या आवाजाच्या दिशेनं निघाला होता. सिंधुबाईंनी त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दोघं भाकरी वाढायला लागली. त्या दिवशी त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, फक्त ताटांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात मथळा आला, 'सापगाडीला आधीच दंश'.

मोडक साहेब तिसऱ्या दिवशी आले. बोल्ट काढून बघितला, त्यात काही दोष नव्हता. सिंधुबाईंचा जीव बारीक झाला. साहेब मात्र खाली उतरून खांबाच्या बुडाशी बसले, पट्टी लावली, खांब सरळ आहे का बघायला पाणसळ लावली आणि कुदळ मागितली. हातभर खणल्यावर सगळं दिसलं. तिथली माती काळी. दोन वर्षांच्या कोरडीनं ती आतून आकसली होती, मनगट जाईल एवढी भेग पडली होती, आणि काँक्रीटचा पाया एका अंगाला केसभर खचला होता. खांबाचा सगळा ताण त्या बोल्टवर येत होता.

"आज नाही तर महिन्यानं तुटला असता," मोडक साहेब उठत म्हणाले. "चूक आमची. माती नीट बघायला हवी होती." मग सिंधुबाईंकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "मलाही तो आवाज कळला नसता."

सिंधुबाईंनी विचारलं, "चहा घेता का?"

चार खांबांचे पाये उकरून थेट खालच्या कठीण मुरुमापर्यंत नेले. त्यात मार्च उजाडला. या खेपेला मंडप नव्हता, पुढारी नव्हते. आधी वाळूची पोती बसवून गाडी पन्नास वेळा फिरवली. मग पहिल्या डब्यात गुरुजी, अर्जुनराव आणि सिंधुबाई बसले. अर्जुनराव पुन्हा "मेलो" ओरडले. खाली उभ्या माणसांनी ते ऐकलं आणि रांग लागली.

माणसं खरंच आली. माजलगावच्या धान्याच्या मोंढ्यातले हमाल आले, बीडच्या क्लासमधली पोरं आली, नव्या सुना सासूला घेऊन आल्या. पण सिंधुबाईंना जास्त आठवतो तो एप्रिल. तोडीच्या टोळ्या घरी परतत होत्या. संस्थेनं त्यांच्यासाठी एक दिवस राखून ठेवला होता. साठीच्या छबुबाई आष्टीकडच्याच, सिंधुबाईंबरोबर फडात काम केलेल्या. त्या बसल्या, गाडी टोकावर थबकली, आणि सुटताक्षणी छबुबाईंनी आपल्या टोळीच्या मुकादमाला मोठ्यानं, नाव घेऊन, अशा काही शिव्या घातल्या की खालची रांग थक्क झाली. शेवटच्या वळणापर्यंत शिव्या चालू होत्या. मुकादम रांगेतच उभा होता. छबुबाई उतरल्या, घाम पुसला आणि त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुमी बसा. मनात हाय ते बोलून टाका, हलकं वाटतं." मुकादम गुमान जाऊन बसला. त्या दिवसापासून बायकांत रीतच पडली. कुणी सासूला, कुणी जावेला, कुणी नुसतं आभाळाला शिव्या घालत खाली येई आणि जिन्यावर अनोळखी बाईच्या गळ्यात पडून हसे.

त्या पावसाळ्यात आभाळानंही ऐकलं असावं. सप्टेंबरअखेर धरण काठोकाठ भरलं. कलंडलेल्या बोटी शहादेवनं डांबर लावून पुन्हा पाण्यात सोडल्या. दिवाळीनंतर संस्थेतल्या चौदा घरांनी कोयते माळ्यावर टाकले, टोळीत गेलीच नाहीत. सिंधुबाईंच्या हाताखाली आता संस्थेतल्या घरांच्या दोन सुना काम शिकतात, सुंदरबाई आणि चतुराबाई. चतुराबाईला पहिला आठवडा घेरी यायची. सिंधुबाई तिला घेऊन रोज दोन पावलं जास्त चढत.

यंदाच्या वार्षिक सभेत सिंधुबाई संचालक मंडळावर निवडून आल्या. दुसरी, जरा मोठी गाडी घ्यावी असा विषय निघाला आणि सगळे उत्साहानं बोलू लागले. रंग कुठला, वळणं किती, वरून धरण दिसलं पाहिजे. सिंधुबाई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "घेऊ की. पर आधी जमीन बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी धरणाकाठी अख्खं संचालक मंडळ धोतरं-लुगडी खोचून उभं होतं. गुरुजींच्या हातात फावडं, अर्जुनरावांच्या हातात कुदळ. कमरेएवढ्या खड्ड्यात सिंधुबाई उतरल्या होत्या आणि मूठभर माती दाबून बघत होत्या.

"लागला का मुरूम?" अर्जुनरावांनी वरून विचारलं.

"न्हाई अजून," सिंधुबाई म्हणाल्या. "खणा, लागतोय."