बंधूचे भाडे

श्रम करणाऱ्या माणसाचा स्वाभिमान हीच राष्ट्राची खरी संपत्ती होय.

हे वाक्य माझे नव्हे. वाशीमला कापसाच्या बाजारासमोर एक हॉटेल होते, त्याच्या भिंतीवर टांगलेल्या लांबरुंद फळीवर ते रंगवलेले होते. त्याखाली दुसरी ओळ होती : ‘सबब येथे बक्षिशी देऊ नये.’ पहिली ओळ वाचून छाती फुगे आणि दुसरी वाचून खिसा निर्धास्त होई. इतके सोयीचे तत्त्वज्ञान पुढे पुष्कळ पुस्तके वाचूनही मला सापडले नाही.

मी तेव्हा नवा वकील होतो. म्हणजे सनद होती, पक्षकार नव्हते. कोर्टाआधी आणि कोर्टानंतर मी त्या हॉटेलात बसून असे. तिथे चहा देणारा माणूस चाळिशी उलटलेला होता. कानाजवळचे केस पिकले होते, तरी सगळे त्याला ‘पोऱ्या’ म्हणत. हॉटेलात कपबश्या उचलणारा मरेपर्यंत पोऱ्याच राहतो.

बिलाचा कागद वगैरे प्रकार तेव्हा नव्हता. गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघाले की पोऱ्याने आतून त्याची खूण आणि रक्कम ओरडून सांगायची, मालकाने तेवढे पैसे घ्यायचे. इतर हॉटेलांत हे ‘लाल पागोटं, एक आना’ अशा थाटात चाले. आमच्या पोऱ्याने त्यात सुधारणा केली होती. तो पदव्या देई. चार एकर कोरडवाहूचा धनी उठला की आतून आरोळी येई, “पाटीलसायेब, एक आना!” कापसाच्या गाड्यांबरोबर आलेला कारकून ‘शेठजी’ होई. शिरपूरच्या जैन देवळाकडे निघालेला यात्रेकरू, स्वतःच्या तिकिटापुरतेच पैसे घेऊन आलेला असला तरी, ‘संघपती’, म्हणजे अख्ख्या यात्रेचा खर्च उचलणारा धनी, म्हणून बाहेर पडे. मला त्याने ‘वकीलसायेब’ म्हटले, तेव्हा अख्ख्या वाशिमात मला तसे म्हणणारा तो एकटाच होता.

चार माणसांत असे नाव पुकारले गेल्यावर बशीखाली एक पैसा ठेवल्याशिवाय कोणाचा पाय निघत नसे. सरकारही त्या काळी रावबहादूर करण्याच्या धंद्यात होते, पण त्यांचे दर परवडण्यासारखे नव्हते.

पोऱ्याचा पगार सहा रुपये आणि दोन वेळचे जेवण. हे सहा रुपये त्याने फारसे पाहिलेले नव्हते. भावाच्या आजारपणात मालकाकडून उचल घेतली होती, तिच्यात ते परस्पर जिरत. चार वर्षे तो हॉटेलातल्या बाकांवरच झोपला. बायको आणि लहान मुलगी इंझोरीला त्याच्या त्याच भावाकडे होत्या. सणावाराला गेला की मुलगी आत पळत जाऊन सांगे, “माय, पाव्हना आला.” हे ऐकून त्याने त्या दोघींना वाशीमला आणले आणि हॉटेलामागची एक खोली घेतली. खोलीही मालकाचीच, भाडे दोन रुपये. तिथल्या मोरीला आडोसा नव्हता, बायको दोरीवर लुगडे टाकून काम भागवी. ती रोजाने कापूस निवडायला जाई, त्यात मायलेकींची भाकर निघे. भाडे मात्र बशीखालूनच यायचे. मुलगी आता त्याला बाबा म्हणू लागली होती, आणि ती म्हणायला शिकली ती आमच्या पैशापैशावर, हे आम्हा पाटील-शेठजींना माहीत नव्हते.

अशात नागपूरहून एक पुढारी आले. बाजाराच्या मैदानावर त्यांचे व्याख्यान झाले. भारदस्त आवाजात त्यांनी सांगितले की बक्षिशी ही गुलामीची भाकर आहे आणि ती टाकणारा हात घेणाऱ्या हाताला कायमचा वाकवतो. हॉटेलचे मालक पहिल्या रांगेत बसून रडले. त्यांचे रडणे खोटे नव्हते, म्हणूनच पुढचे सगळे अवघड झाले. तरुणपणी त्यांनी अकोल्याला कपबश्या धुतल्या होत्या. एका गिऱ्हाइकाने उष्ट्या चहात नाणे टाकून, सगळ्यांसमोर ते बोटांनी काढायला लावले होते.

दुसऱ्या दिवशी फळी लागली. शिवाय हुकूम सुटला की यापुढे कोणी पोऱ्या म्हणायचे नाही, ‘बंधू’ म्हणायचे, आणि त्यानेही गिऱ्हाइकांना बंधूच म्हणायचे. बाहेरच्या बाकावर बसणाऱ्यांचे कप वेगळे असत, ते वेगळेच राहिले. बंधुभावाची फळी आतल्या भिंतीवर होती.

आम्हा गिऱ्हाइकांना हे तत्त्व त्याच दिवशी पटले. पोऱ्याला पैसा द्यावा लागतो, बंधूला कोण देतो?

आठवडाभराने मी त्याला विचारले, “काय बंधू, कसं काय?”

“सोभिमान वाढून राह्यला जी,” तो टेबल पुसत म्हणाला. “बाकी सारं कमीच हाय.”

पहिला गोंधळ बाजाराच्या दिवशी झाला. जवळच्या गावचे एक देशमुख भजी, शेव, चहा असे सगळे घेऊन उठले. त्यांचा सालदार बाहेरच्या बाकावर चहा पिऊन त्याच वेळी गल्ल्यापाशी आला. आतून आरोळी आली, “बंधू, पाच आने! बंधू, दोन पैसे!” मालकांनी पाच आणे सालदाराकडे मागितले. सालदाराने देशमुखांकडे पाहिले, देशमुखांनी मालकांकडे.

“मी आन हा बंधू?” देशमुख शांतपणे म्हणाले. “कवापासून?”

त्यांनी दोन पैसे ठेवले आणि पुन्हा आले नाहीत. सालदाराने उरलेले कसे फेडले, ते कळले नाही.

संध्याकाळपर्यंत पदव्या परत आल्या. फळी तशीच राहिली. पोऱ्या पुन्हा पाटील, शेठजी, संघपती करू लागला, आवाजात काही उणे नव्हते. आम्ही पदवी घेत असू, फळी वाचत असू आणि बाहेर पडत असू.

“आता फुकटात कायले ओरडतोस?” मी एकदा विचारले.

“आवाज पगारातच धरेल हाय, वकीलसायेब.”

असे दोन महिने गेले. एका सकाळी मी चहा पीत बसलो होतो. समोर इंझोरीची एक बैलगाडी कापूस उतरवून परत निघाली होती. पोऱ्याची बायको मागच्या बाजूने आली, डोक्यावर गाठोडे आणि बोटाला मुलगी. गल्ल्यावरून मालकांनी हाक मारली.

“कुठं चालली बाई?”

“इंझोरीले. खोली झाडून ठेवली.”

“आन दोन महिन्याचं भाडं?”

तिने गाठोडे खाली ठेवले. पोऱ्या आत कपबश्या घेऊन उभा राहिला होता. त्याने मान हलवून तिला गप्प राहायला सुचवले, ते तिने पाहिले नाही किंवा पाहिले तरी मोजले नाही.

“भाऊजी,” ती म्हणाली. आजवर ती त्यांना मालक म्हणत असे. “तुमी यायले बंधू म्हनता. सख्ख्या दिराच्या घरी मी चार वर्सं रायली, त्यानं कधी भाडं मांगलं नाई. तुमी भाऊ असान तं भाडं कायचं? आन भाडं असन तं भाऊ कायचे? यातलं कोनतं खरं, तेवढं सांगा. गाडीवाला थांबून राह्यला.”

गाडीवाला हसला. त्याला घाई नव्हती.

मालक काही दुष्ट मनुष्य नव्हते. ते फळीकडे पाहत राहिले आणि ओठांतल्या ओठांत हिशेब करत राहिले. मग आमच्याकडे वळले.

“याचा पगार वाढवतो म्हनलं तं चहा महाग करा लागन. दोन पैशाचा कप तीन पैशाले घेसान काय?”

आम्ही पाटील, शेठजी, वकीलसाहेब, सगळे आपापल्या चहात पाहू लागलो. एक जण म्हणाला की जऊळक्याला स्टेशनवर दोन पैशांतच मिळतो आणि कप याहून मोठा असतो. वास्तविक चहासाठी जऊळक्याला कोणी जात नव्हते. पण आमच्यातर्फे उत्तर दिले गेले होते.

मालकांनी स्टूल ओढले, वर चढले आणि फळी खिळ्यावरून काढली. खाली उतरून म्हणाले, “राहू दे गाठोडं. भाडं जमन तसं देजा.” मग आत पाहून, जरा मोठ्याने, “पोऱ्या, पाच नंबरावर पानी दे.”

त्याने पाणी दिले. मी उठलो तेव्हा आतून आरोळी आली, “वकीलसायेब, दोन पैसे!” मी बशीखाली एक पैसा ठेवला. भिंतीवर आता निमित्त उरले नव्हते. बाहेर गाडीवाल्याने बैल हाकले. मुलगी बापाचे बोट धरून उभी होती आणि तो एका हाताने कप उचलत होता, कारण दुसरा हात मोकळा नव्हता.

फळी सागाची होती, वाया घालवणे मालकांना बरे वाटले नाही. त्यांनी सुतार लावून ती मागच्या खोलीच्या मोरीला आडोसा म्हणून बसवली, अक्षरे आतल्या बाजूला करून. पुढच्या महिन्यापासून खोलीचे भाडे सव्वादोन रुपये झाले, कारण मोरीला आता आडोसा होता.