लक्ष्मीचा गुळवेलीचा काढा

परळच्या चाळीत बसून हिंदमाता बाजारातल्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावणाऱ्या सरोजिनी परबला सुई टोचण्याचं कौतुक कधीच नव्हतं. बोट तोंडात घालायचं आणि पुढचा टाका घालायचा. पण यंदा श्रावणात कुणाच्या तरी मोतिया साडीवर तिच्या बोटातलं रक्त थेंब थेंब पडत राहिलं आणि थांबेचना. दंडावर, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग तर आधीपासूनच होते. पलंगाची कड लागली असेल, असं तिला वाटायचं.

तपासणीत प्लेटलेट्स अगदी कमी निघाल्या. आपल्याकडे प्लेटलेट्स कमी म्हटलं की डेंग्यू, आणि डेंग्यू म्हटलं की दारात पपईच्या पानांचा ढीग. हा डेंग्यू नाही, हे सांगता सांगता रक्ताच्या डॉक्टरीणबाई थकल्या. "शरीरात राखणदार पेशी असतात, रोगजंतूंना पकडणाऱ्या. त्या तुमच्याच प्लेटलेट्सना चोर समजून खातायत, जास्त करून पोटातल्या प्लीहेत," त्या म्हणाल्या. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हे राखणदार शांत व्हायला हवे होते. आकडा चढला आणि पुन्हा घसरला. "असंच राहिलं तर ऑपरेशन करून प्लीहा काढावी लागेल," हे ऐकल्यापासून सरोजिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शेजारची लक्ष्मी मात्र खंबीर. गावाहून गुळवेल मागवून ती रोज सकाळी काढा उकळायची आणि पेला घेऊन दारात उभी राहायची. "पी गो. इम्युनिटी वाढतली."

काढा कडूजहर. पण सरोजिनीचा नवरा गेला तेव्हा याच बाईने तिला महिनाभर बसवून जेवू घातलं होतं. तिच्या हातचं नको कसं म्हणायचं? डॉक्टरीणबाई "आणखी काही घेता का?" म्हणून विचारायच्या, तेव्हा ही बिनदिक्कत "नाही" म्हणायची. काढा काय औषधात धरतात? तो शेजारधर्म!

शेवटी तिची भीतीच बोलून गेली. "डॉक्टर, ऑपरेशन नको. पाहिजे तर काढा दोन वेळा घेते मी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कसला काढा?"

"गुळवेलीचा. इम्युनिटीचा."

"अहो, ज्या राखणदारांना मी झोपवतेय, त्यांना तुम्ही रोज सकाळी उठवून चहा पाजताय!" मग त्या निवळल्या. "काढ्यानेच सगळं अडलं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तो आजपासून बंद. गोळीही बदलू. ऑपरेशनचं मग पाहू."

सरोजिनीने लक्ष्मीला हे कसंबसं सांगितलं. लक्ष्मीने काढ्याचं पातेलं उचललं, मोरीत ओतलं आणि पाणी सोडलं. त्यानंतर ती आलीच नाही. जिन्यात भेटली तरी पिशवी सावरत निघून जायची. सरोजिनीला नव्या गोळीपेक्षा त्याचीच जास्त काळजी लागली.

पुढचे दोन्ही रिपोर्ट चांगले आले. आकडा चढला आणि चढलेला राहिला. ऑपरेशन टळलं. सरोजिनी आपल्या खोलीत न जाता आधी लक्ष्मीच्या दारात गेली. लक्ष्मी तांदूळ निवडत होती. बातमी ऐकून तिचे हात थांबले.

"माझो काढो बंद केलंस म्हणान फरक पडलो ना?"

खरं काय ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं.

"नाय गो. गोळी बदलली म्हणान."

"खोटा बोलतंस," लक्ष्मी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मी तुका मारूकच बसललंय गो."

सरोजिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. तिलाही रडू फुटलं होतं. "उद्यापासून सकाळची येत जा," ती म्हणाली. "रिकाम्या हातान ये. तू इलंस नाय तर माका उजाडल्यासारखा वाटणा नाय."