शाळेच्या आंब्याच्या कुंड्या

चिंचणीच्या शाळेत मी शिकवत होते, तेव्हा आवारात एकही फुलझाड रुजत नसे. वरची सगळी खारट रेती. मातीच्या कुंड्या आणाव्यात, तर आठवड्याभरात चेंडू लागून फुटायच्या. म्हणून एका वादळात फाटकाजवळचा जुना आंबा आडवा झाला, तेव्हा बाकीच्यांना त्यात सरपण दिसलं आणि मला कुंड्या. खोड आतून कोरायचं, त्यात चांगली माती भरायची आणि फुलं लावायची. हेडमास्तर हसले, पण पंधरा दिवसांची मुदत दिली.

शाळेचे शिपाईकाका दांडी गावचे, होड्या बांधणाऱ्या घरातले. त्यांना बरोबर घेऊन मी बोईसरच्या सॉ मिलमध्ये गेले. तिथल्या मिस्त्रींनी एकच विचारलं, झाड कुठलं? शाळेचं म्हटल्यावर त्यांनी हात झटकले. शाळेच्या झाडात खिळे असतात, म्हणाले. खिळ्यावर करवतीचा पट्टा तुटला की उडून माणसाला लागतो.

त्यांचं खरंच होतं. वर्षानुवर्षं आम्हीच त्या खोडावर सूचनांचे फलक ठोकले होते. परतताना काका म्हणाले, "बाई, खिळे आपणच ठोकले ना? मग आपणच काढू."

रविवारी विज्ञानाच्या कपाटातला मोठा लोहचुंबक घेऊन आम्ही खोडापाशी बसलो. मी इंचाइंचावर चुंबक फिरवायची; तो ओढला गेला की काका पटाशीने साल उकरून खिळा उपटायचे. पत्र्याचा एक डबा भरला. पण सालीखाली खोल गेलेल्या खिळ्यांपर्यंत चुंबक पोचेना. काकांनी मग खोडाचे चार ओंडके पाडले आणि त्यांची कापलेली तोंडं धुऊन पाहिली. एकावर निळसर काळा डाग होता. लोखंड लाकडात गंजलं की असा डाग पडतो, हे त्यांना होडीच्या फळ्यांमुळे ठाऊक होतं. तो ओंडका आम्ही सोडून दिला.

उरलेले तीन टेम्पोत घालून पुन्हा मिलवर गेलो. मिस्त्रींनी खिळ्यांचा डबा पाहिला, चुंबक पाहिला, ओंडक्यांची तोंडं निरखली. मग पहिला ओंडका करवतीच्या गाड्यावर चढवला. करवत लाकडात शिरली तेव्हा मी काकांचा दंड घट्ट धरला होता. पात्याखालून पिवळा भुसा येत राहिला, ठिणगी एकही उडाली नाही. वरची फळी अलगद सुटून बाजूला पडली. मिस्त्रींनी ओंडका उलटवला आणि खालची बाजूही सपाट केली, म्हणजे कुंडी गडगडणार नाही. तिन्ही ओंडके असेच निघाले.

आत कोरायला त्यांनी पेट्रोलवर चालणारी चेनसॉ काढली. कडेने चार बोटं जागा सोडून आत आडवे-उभे काप घेतले आणि मधले ठोकळे पटाशीने उडवले. दोन कुंड्या झाल्या. तिसरी मी करते, असं मी म्हटलं. मिस्त्रींनी मला स्वतःचे बूट, चष्मा आणि हातमोजे दिले. मी पदर खोचला.

"पात्याचं वरचं टोक लाकडाला लागू द्यायचं नाही. लागलं की यंत्र तोंडावर उसळतं," ते म्हणाले आणि माझ्या मागे उभे राहिले.

पहिला काप वाकडा गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला यंत्राचा रेटा माझ्या हातांना समजला आणि चौथा सुतासारखा सरळ उतरला. यंत्र बंद केल्यावर मी हसत होते. काकांनी गिरमिटाने तळाला भोकं पाडली आणि बाहेरून होडीचं डांबर चोपडलं. खाऱ्या पाण्यात होडी टिकते, मग ही रेतीत का नाय टिकायची, असं त्यांचं म्हणणं.

तिन्ही कुंड्या मुदतीच्या दोन दिवस आधी फाटकाशी बसल्या. दिवाळीपर्यंत त्यांत झेंडू इतका माजला की चालत्या एस.टी.तून माणसं वाकून बघायची. चेंडू आपटला तरी कुंडी हलत नसे. हेडमास्तरांनी स्वतः आणखी तीन मागितल्या.

एका दुपारी मिस्त्री सफाळ्याला घरी जायचं सोडून उलट्या दिशेची एस.टी. पकडून शाळेत आले. तिन्ही कुंड्यांभोवती फिरले आणि वाकड्या कापाच्या कुंडीपाशी थांबून म्हणाले, "बाई, ही तुमची. झेंडू हिच्यातच जास्त आलाय."

खरंच, तिच्यातच जास्त आला होता.